चार पायांची काठी आणि माझे दोन

ग्लेन आर्डाख,
५ ऑक्टोबर

तीर्थरूप एफीआत्येस,
फार्करचा उभ्यानेच नमस्कार. (वाकून केला असता, का नाही केला ते पुढे येतंच आहे.) तुझा डोळा कसा आहे? थेंब वेळेवर घालतेस ना, की अजून मांजरीलाच औषध आधी? इकडे पेगी ठीक, कोबी ठीक, पाऊस नेहमीइतका.

पत्राला कारण असं, की माझा मेहुणा आयव्हर रविवारी प्रार्थना आटोपून तुझ्याकडे चहाला येणार आहे, आणि मंगळवारी डोंगरावर काय झालं ते तुला सांगणार आहे. तो सांगेल ते सगळं खरं आहे, पण त्याची सांगायची पद्धत हलकट आहे. म्हणून आधी माझ्याकडून ऐक.

चौतीस वर्षं मी पाहुण्यांना हरणांपर्यंत नेतो. वारा बघायचा, ओढ्यातून सरपटायचं, पोटावर पडायचं, पिशवीवर बंदूक टेकवायची आणि पाहुण्याला हळूच सांगायचं, आता. माझे वडील असंच करायचे आणि तुझा नवराही असंच करायचा. पण उन्हाळ्यात या डोंगराच्या मालकीणबाईंच्या मनात आलं की हे बंद. का, तर वरच्या अंगाला बर्चची रोपं लावल्यापासून नेचा कमरेएवढा माजलाय, पोटावर पडलं की नेच्याखेरीज काही दिसत नाही. (हे खरं आहे. पण खरं आहे म्हणून ते माझ्या तोंडावर, स्वयंपाकिणीदेखत सांगायचं?) तेव्हा उभ्याने बंदूक टेकवायच्या काठ्या आणायच्या, आणि त्या निवडायच्या मी. ज्या माणसाला काठ्या नकोत त्यालाच निवडायला पाठवायचं, हा कुठला न्याय?

गेलो इन्व्हर्नेसला. दुकानात एक उंच बाई होती, पंचेचाळिशीची, हातावर जुने ओरखडे, म्हणजे डोंगर माहीत असलेली. तिने विचारलं, "तुम्ही बंदूक कशी झाडता? उभ्याने, बसून, की गुडघ्यावर?" म्हटलं, आडवा. "मग काठ्या कशाला हव्यात?" म्हटलं, मला नकोत, मालकीणबाईंना हव्यात. "त्या कशा झाडतात?" त्या झाडत नाहीत, त्या फर्मान काढतात. यावर ती हसली नाही. मला ते आवडलं नाही.

मग तिने एकेक प्रकार मांडला. दोन पायांची काठी हलकी, चटकन उघडणारी, पण बंदूक डावी-उजवीकडे डोलते. तीन पायांची घट्ट, पण तिन्ही पाय लावेस्तोवर हरीण दुसऱ्या दरीत जाऊन जेवायला बसेल. आणि चार पायांची. दोन पाय पुढे, दोन मागे; पुढच्या कात्रीत बंदुकीची नळी, मागच्या कात्रीत दस्ता. टेबलावर ठेवल्यासारखी बंदूक. ती म्हणाली, "बसून टेकवून बघा, मग गुडघ्यावर." मी गुडघ्यावर बसलो. तिथवर ठीक होतं. उठायच्या वेळी मात्र खालच्या फळीवरच्या लोकरी मोज्यांत मला फार रस वाटू लागला. बराच वेळ वाटला. शेवटी तिने माझ्या काखेत हात घालून मला उभा केला, नुकत्या जन्मलेल्या वासराला करतात तसा. त्या भरात मी चार पायांची घेऊन बाहेर पडलो.

मंगळवारी पाहुणा होता पिरी नावाचा एडिंबराचा दंतवैद्य. जाडा, मितभाषी, पण सरपटायला लाजत नाही. काठी पाठीवर घेतली तर वाऱ्यात तिच्या पोकळ नळ्या शीळ घालू लागल्या, आणि तिचे रबरी पट्टे प्रत्येक झुडपाची गळाभेट घेऊ लागले. ओढ्यापाशी मी ती एका कातळामागे ठेवून दिली. (विसरलो, असं मी मालकीणबाईंना सांगितलं आहे. तू खरं ते धर.) दीडशे पावलांवर एक म्हातारा नर उभा होता, एक शिंग मोडलेला, या वर्षी कळपातून काढायलाच हवा असा. पोटावर पडलो. समोर नेचा. पिरी कुजबुजला, "काठी कुठे आहे?" म्हटलं, मागे राहिली. तो ओढ्यापर्यंत मागे सरपटत गेला आणि ती घेऊन आला. एवढा वेळ मी तिथे पडून माझ्या चौतीस वर्षांबद्दल विचार केला.

शेजारच्या एका कातळाच्या आडोशाला तो सावकाश उभा राहिला, चारही पाय लावले, श्वास सोडला, झाडली. हरीण जागेवर कोसळलं. आत्या, इतका स्वच्छ बार मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

मग मला उठायचं होतं. उठता येईना. मी काठी धरून स्वतःला वर ओढलं, तर चारांचे दोन झाले, दोनांचा एक, आणि काठीसकट मी काळ्या चिखलात कमरेपर्यंत. पिरीने बाहेर काढलं आणि विचारलं, "खुब्याचं हे किती वर्षं चाललंय?" मी त्याला सुनावलं, की दंतवैद्याने मानेच्या वरचं बघावं. तो म्हणाला, "वरून तुम्ही ठणठणीत आहात."

आयव्हर तट्टू घेऊन आला. तट्टू एकच, हरीण वाहायचं. त्याने मला पाहिलं, हरणाला पाहिलं आणि म्हणाला, "एकालाच नेता येईल, आणि त्याला काही घाई नाही." तर मी हरणाच्या खोगिरावर बसून खाली आलो, भरदुपारी, शाळेसमोरून, पोस्टासमोरून. पोस्टातल्या बाईंनी तट्टू थांबवून, शिकारीबद्दल विचारतात तसं माझ्याकडे बघत विचारलं, "किती वजनाचा?" हे आयव्हर तुला दोनदा सांगेल.

कळावे, लोभ आहेच, डोळ्याला जप.
तुझा, फार्कर

ता. क. मालकीणबाईंना मी लेखी कळवलं आहे, की चार पायांची काठी बंदुकीला उत्तम, माणसाला अयोग्य.

ता. क. २. पिरीच्या ओळखीच्या डॉक्टरांनी इन्व्हर्नेसला खुबा बदलायची तारीख दिली आहे. नंतर सहा आठवडे जिना चढायचा नाही, आणि आमचं झोपणं वरच्या मजल्यावर. तुझ्या खालच्या खोलीत जागा होईल का? पेगीला यातलं काही बोलू नकोस. ती दोन वर्षं डॉक्टरकडे जा म्हणून मागे लागली आहे, आणि मी दोन वर्षं काही झालेलं नाही म्हणतो आहे. तूच सोबतीला बोलावलंस, असं तिला सांग.

ता. क. ३. पाकिटावर तिकीट लावायला पत्र दिलं, ते पेगीने वाचलं. ती म्हणते, खोलीचं तुम्हा दोघींचं एप्रिलमध्येच ठरलं आहे आणि पलंगही आला आहे. मी तुम्हा दोघींवर अतिशय रागावलो आहे. बावीस तारखेला इस्पितळातून सुटलो की दुपारच्या गाडीने येतो.