अर्धवट घट्ट सांध्यांचं प्रकरण

धाकटे,

थोरलीचा तुला पोटभर आशीर्वाद. गुडघे कसे आहेत? माझे कुरकुरतात, पण नेतात. तुझ्या जावयाच्या खोकल्याचं विचारत नाही, कारण मागच्या खेपेला विचारलं तर उत्तरात तू चार पानं खोकलीस. इथे सगळे मजेत. मी तर इतकी खुशीत आहे की लिहिताना शाईपेक्षा हसूच जास्त सांडतंय.

कारण ऐक. आपली ठमी, माझी नात, इमारतींचं गणित करते हे तुला ठाऊक आहेच. (बांधत नाही. बांधली तर उभी राहील का, ते आधी सांगते.) लोखंडी खांब, त्यावर लोखंडी तुळई, आणि दोघांना बोल्टांनी धरलेला सांधा, सगळा खेळ त्या सांध्याचा. तिच्या कचेरीत दोन साहेब. एकाचं म्हणणं, सांधा बिजागरीसारखा सुटा धरायचा, कॉम्प्युटरात त्याला शून्य घालायचं. दुसऱ्याचं म्हणणं, सांधा एकदम घट्ट धरायचा, त्याला एक घालायचा. मी त्यांना ढिलेसाहेब आणि घट्टसाहेब म्हणते. पहिल्याच्या तुळया हत्तीच्या मांडीएवढ्या होतात, दुसऱ्याच्या काडीसारख्या. एकमेकांशी बोलणं बंद, निरोप शिपायाकरवी. मधे आमची ठमी. ती म्हणते, खरा सांधा ना सुटा, ना घट्ट. जोर आला की जरासा वळतो, मग धरतो. (आमच्या जेवणाच्या टेबलाचा पाय आठव. कोपर टेकलं की वाटी बोटभर सरकते, पण टेबल काही पडत नाही.) तेव्हा बोल्ट आणि सांध्याची लोखंडी पट्टी बघून ज्याला त्याला शून्य-एकच्या मधला आकडा द्यावा. यावर दोन्ही साहेबांचं प्रथमच एकमत झालं, की पोरगी आगाऊ आहे. शेवटी एका गोदामाचा पोटमाळा तिच्या पदरात टाकला: तुझ्या पद्धतीनं करून दाखव, नाहीतर हे खूळ कायमचं बंद.

आणि नेमकी बया जिन्यावरून घसरली! उजवा हात प्लास्टरात. आकडे कोण घालणार? मी! शाळा चौथीतच सुटली, पण आकडे काही सुटले नाहीत. ती डोळे मिटून सांगायची, ‘आजी, पॉइंट चार.’ मी एका बोटानं ठोकायची. पुढचा, पॉइंट तीन. त्याच्या पुढचा, पुन्हा पॉइंट चार. अगं, माझा जीव तुटायला लागला. वर माणसं वावरणार, पोती रचणार, आणि ही कार्टी सांध्याला पाव-अर्धाच घट्टपणा देतेय! बरणीचं झाकणसुद्धा आपण अर्धं लावत नाही. मी मुकाट्यानं सगळीकडे एक घालत सुटले. म्हटलं, पोरीच्या कामाला आपलाही हातभार.

मग काय! उत्तर आलं ते हुबेहूब घट्टसाहेबांचं. त्यांनी सगळ्या कचेरीला चहा पाजला. म्हणाले, बघा, एवढं अर्धंमुर्धं करून शेवटी माझ्याच दारात आली. कागद मंजूरसुद्धा केले. ठमी घरी आली ती पांढरीफटक. कॉम्प्युटर उघडून बघते तर एकांची रांग. मी म्हटलं, ‘मीच घातले. तू फारच जपून देत होतीस.’ ओरडली नाही गं. नुसती म्हणाली, ‘आजी, घट्ट लिहिल्यानं सांधा घट्ट होत नाही. पोती रचली की या बारक्या तुळया लवतील, आणि खाली माणसं असतील.’ तेव्हा कुठे मला कळलं, मी काय करून ठेवलंय ते.

सकाळी तिनं खरं सांगून टाकलं. तर घट्टसाहेब म्हणे, मंजूर कागद परत घ्यायला कारण लागतं, आणि आमच्या कारणांत आजी बसत नाही. म्हणून आजीलाच बोलावणं! मी ठेवणीतले कपडे घालून गेले. खुर्ची फिरती निघाली, त्यामुळे मी एक पूर्ण गिरकी घेऊनच साहेबांसमोर थांबले. मधोमध त्यांच्या वरच्या बाई.

‘आजी, कशाच्या आधारावर एक घातलात?’ घट्टसाहेब गरजले.

‘मायेनं. तुम्ही कशानं घालता?’

‘आम्ही नेहमीच एक घालतो!’

ढिलेसाहेब फिस्सकन हसले. बाई त्यांच्याकडे वळल्या, ‘आणि तुम्ही?’ ‘नेहमीच शून्य,’ ते पुटपुटले. मग बाईंनी कारखान्यात तसाच एक सांधा जोडून ओढून बघायला लावला. वळला ना! ठमीच्या आकड्याच्या अगदी जवळ येऊन थांबला. बारक्या तुळया रद्द, ठमीचा पोटमाळा मंजूर. फाटकापर्यंत मी नाचतच आले म्हण.

आता पुरे करते, बोटं आखडली. पोरांचे पापे घे.

तुझी थोरली

ता. क. घट्टसाहेब सुधारले बरं का. त्यांनी हुकूम काढलाय, यापुढे प्रत्येक इमारतीच्या प्रत्येक सांध्याला पॉइंट चारच घालायचा, दुसरा आकडा दिसला तर खबरदार. ढिलेसाहेब म्हणतात, पॉइंट तीनच. शिपाई पुन्हा धावतोय, आणि ठमी पुन्हा कपाळ बडवतेय, डाव्या हातानं.

आणखी ता. क. खरं म्हणजे पत्र यासाठीच. प्लास्टर अजून निघालेलं नाही, नवी इमारत आलीय, आणि माझी हकालपट्टी झालीय. मी खोलीत शिरले की ठमी कीबोर्ड उशीखाली घालते. म्हणते, आजी, सांगितल्यापेक्षा कणभरही जास्त घालणार नाही असं माणूस शोध. सगळं खानदान डोळ्यांखालून घातलं, पण धाकटे, तुझ्यावाचून नाव सुचेना. पाहुण्याच्या चहात साखर टाकताना तू चमचा झटकून अर्धी मागे नेतेस, त्यावरून जन्मभर मी तुला बोलले. ते सगळं मागे घेते. असशील तशी नीघ, आणि कृपा करून वाटेत सुधारू नकोस.