विंडिगोची चाल

१४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनी मजेत असेल, तुझ्या दुकानातली घड्याळं तुझा ओरडा खाऊन वेळेवर चालत असतील, असं धरून चालते. इकडची बातमी पोटात मावत नाहीये!

दादा, मला राक्षस मिळाला! सहा वर्षं या गेम कंपनीत मी कोंबड्या आणि पहारेकरी झाले. सेन्सर लावलेला घट्ट सूट घालून मी चालायचं, की पडद्यावर ते चालतात. या वेळी थेट मुख्य राक्षस, विंडिगो! उत्तर अमेरिकेतल्या अल्गोंक्वियन आदिवासींच्या जुन्या गोष्टींतला. आमचा तर नुसता हाडांचा सापळा आहे, दोन मजली उंच. जितकं खाईल तितकी त्याची भूक वाढते. ‘म्हणजे आमची खादाडच की,’ असं म्हणालास ना आत्ता?

आठ दिवस मी वाकले, सरपटले, लोळले. डायरेक्टरचं आपलं एकच, “छे, हा जेवून आल्यासारखा वाटतो.” काल वैतागून मी डावा पाय टाकला, क्षणभर थांबले आणि उजवा मागून ओढला. मग टाळ्याच टाळ्या! “कुठून आणलीस ही चाल?”

“सुचली,” म्हणाले मी.

सुचली कसली! तुझीच आहे, हुबेहूब. पुढच्या शुक्रवारी ती कायमची पक्की होईल. तू नको म्हणालास तर बदलेन, अगदी शपथेवर.

पण अर्धंच विचारणं बरं नाही, आणि फोनवर मला धीर झाला नसता. गोष्टींत विंडिगो आधी माणूसच असतो. हावेपायी तसा होतो आणि घरच्यांनाही सोडत नाही. हे वाचलं तेव्हा मी हातातला घास ताटात परत ठेवला. लहानपणी तू पडलास त्या दिवशी जिन्यावर शेवटचं बिस्किट तुझ्या हातात होतं. तुझा पाय घसरला नव्हता, दादा. मी ढकललं तुला. तू खाली तो उजवा पाय धरून कण्हत होतास, आणि मी ते उचलून खाल्लं.

आई धावत आली, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत तूच म्हणालास, “पाय घसरला.” सुटले, असं समजून मी तेवीस वर्षं गप्प बसले. काल सूट उतरवताना डोक्यात लख्ख उजेड पडला. माझे दोन्ही हात तुझ्या पाठीला लागले होते. तुला कळलं नसेल कसं?

शुक्रवारच्या आत फोन कर. शिव्या दे, पण कर. सोबत बिस्किटांचा पुडा पाठवतेय. फोडलेला नाही.

चाल तुझी, भूक माझी.

तुला ढकलणारी,
तुझीच खादाड