पडद्यावरचा चौथा आकडा

३ मार्च, सोमवार
लागली एकदाची नोकरी! ताईने आनंदाने पाठीत धपाटाच घातला. हौशी रोबोटवाल्यांच्या क्लबात बॅटऱ्या चार्ज करायच्या, बस्स. तळघरातली खोली, वर मुलांचा वर्ग. टेबलावर चार्जर, बॅटरी ठेवायला आगीत न जळणारी पिशवी, पायाशी वाळूची बादली. क्लबच्या बाईंनी सगळं समजावलं. फुगलेली बॅटरी लावायची नाही. बॅटरीत तीन सेल, म्हणून चार्जरच्या पडद्यावर तीन आकडे. एखादा जास्त भरला तर चार्जर त्याचा चार्ज उतरवून सगळ्यांना एका पातळीवर आणतो. भरलेला सेल ४.२ व्होल्ट, आणि ३ च्या खाली गेला की मेला समजायचा. चार्जिंग चालू असताना जागा सोडायची नाही, जीव गेला तरी! मी म्हटलं, बसून पगार मिळतोय तर माझं काय जातंय? शनिवारी ताईला सिनेमा दाखवायचं कबूल केलंय.

५ मार्च, बुधवार
एका निळ्या बॅटरीने डोकं उठवलंय. सेल तीन, आकडे मात्र चार. तीन आकडे ३.४ वर अडलेत, चौथा ४.१. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, आधीच्या माणसाचीही हीच तक्रार होती. तो कुठे आहे विचारलं, तर त्या वर वर्गाकडे निघून गेल्या. त्याचा स्वेटर अजून माझ्या खुर्चीवर आहे.

६ मार्च, गुरुवार
काल घरी गेलो नाही. उठलो की बॅटरी फुगते, गोडसर वास सुटतो. बसलो की निमूट. वर मुलं बागडतायत, उठणार कसा? ताईला फोनवर सांगितलं, काम अडलंय. ती म्हणाली, थापा मारू नकोस, शनिवारी न्यायलाच येते.
बिस्किटं खाल्ली तेव्हा चौथा आकडा चढला. डुलकी लागली तसा उतरला.
तो माझा आहे. मला भीती वाटते.

७ मार्च, शुक्रवार
वायर उपटली. तरी आकडे विझले नाहीत. चारही ३.५. बाई जिन्यावरूनच म्हणाल्या, छान जुळलंय. त्या खाली उतरत नाहीत.
वर रोबोट पळतायत, मुलं टाळ्या पिटतायत. बॅटऱ्या तर सगळ्या इथे, माझ्यासमोर —
आता चारही उतरतायत.

८ मार्च, शनिवार
३.०४. पाय हलत नाहीत. ताईला येऊ नकोस सांगायला हवं — फोन बंद पडलाय —

जिन्यावर ताई. चिडलीये. ओरडतो, पण आवाजच फुटत नाही. बाई तिला म्हणतायत, भाऊ खालीच आहे, बसा ना जरा त्याच्याजवळ.

दार उघडलं.
पाचवा आकडा. ४.२०.
माझा ३.१ — ३.२ — बोटांत ऊब येतेय. बरं वाटतंय, देवा, किती बरं —
ताई, आल्या पावली