दुपारी माना टाकलेली झाडं

मामा,

यंदाही टोमॅटो उन्हाळीच लावलाय. लावू नका असं सगळे सांगत होते. औषधाच्या दुकानदारानंही बजावलं, वहिनी, एवढ्या उन्हात फूल टिकत नाही. पण तुमच्या मुलानं ऐकलं नाही आणि मीही अडवलं नाही. सासऱ्यानं एकदा वैशाखात टोमॅटो पिकवून दाखवला की त्या घरात पुन्हा शहाणपण शिरत नाही, हेच खरं. आता ठिबक आहे, ओल टिकायला झाडांखाली मल्चिंगचा कागद अंथरलाय, अर्ध्या रानावर पांढरी जाळी आहे. जाळी पुरली नाही तिथं जुन्या साड्या बांधल्यात, त्यात माझ्या लग्नातल्याही दोन आहेत. पश्चिमेच्या अंगाला मक्याच्या ओळी मात्र तुम्ही लावायचात तशाच. दुपारचे दोन वाजलेत. शेडमध्ये पालथ्या कॅरेटवर बसून लिहितेय, आणि समोर सगळ्या झाडांनी माना टाकल्यात.

मी कोपरगावकडची, उसातली. पाण्याला माप असतं हे मला लग्न होऊन श्रीगोंद्याच्या या मुलखात आल्यावर कळलं. पहिल्याच उन्हाळ्यात एक दिवस तुम्ही काष्टीच्या बाजाराला गेला होतात आणि मी दुपारी रानात आले, तर झाडं मेल्यासारखी लोंबत होती. मोटर चालू केली आणि चार सऱ्या काठोकाठ तुंबवल्या. वर बांधावर बसून राहिले, सासरे आले की शाबासकी देतील म्हणून. तिसऱ्या दिवशी त्या चारही सऱ्या पिवळ्या पडून बसल्या. तुम्ही एक झाड उपटून मूळ माझ्यासमोर धरलंत. "पानी हाय म्हनून पाजायचं व्हय? पोरी, हा ऊस न्हाई. तापल्या जमिनीत पानी साचलं की मुळी शिजती." मला रडू आलं, तेव्हा तुमचा आवाज उतरला. "दुपारी झाड मान टाकतं ते मरत नसतं, सोताला वाचवत असतं. त्याला सांजच्याला बघायचं. सांजच्याला उभं ऱ्हायलं तर त्याला काय बी झालेलं नसतं."

हे वाक्य मी पुढं पदराला गाठ मारावी तसं जपलं. किती बायकांना सांगितलं असेल, आणि सांगताना थोडा भावही खाल्ला.

त्याच उन्हाळ्यात तुम्ही माझ्यासाठी कॅनव्हासचे बूट आणलेत. माती इतकी तापायची की चपलेतून चटका बसायचा, आणि मी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचते ते तुम्ही लांबून पाहिलं असणार. सुनेला पायाचं माप कसं विचारायचं? तुम्ही सकाळच्या ओल्या सरीत उमटलेलं माझं पाऊल काडीनं मोजलंत आणि ती काडी खिशात घालून बाजारात गेलात. बूट माझ्या हातात दिलेही नाहीत, उंबऱ्यापाशी ठेवून निघून गेलात. गावातल्या बायका हसल्या, सून पोलिसात भरती झाली म्हणाल्या. आपल्यात हे असंच होतं. माया पुष्कळ, पण मधे दहा पावलांचं अंतर. मी कधी तुमच्यासमोर उघड्या डोक्यानं आले नाही, तुम्ही कधी माझ्यासमोर बंडीशिवाय बसला नाहीत. घरात येताना तुम्ही खाकरायचात, मी येताना काकणं वाजवायची. सासूबाई तर माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळं आपल्या दोघांच्या मधे बोलणारं माणूस म्हणजे तुमचा मुलगाच.

आता तो दिवस. तुम्हाला तो माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तरी सांगते.

हे पहाटे पुण्याच्या मार्केटला माल घेऊन गेले होते. तुम्ही सकाळपासून रानात, बांबूला झाडं बांधत होता. जेवायलाही आला नाहीत. दोनच्या सुमारास मी कळशीभर पाणी घेऊन निघाले. बांधावर आले तर तुम्ही कडुलिंबाखाली आडवे झालेले, अंगात बंडी नाही, लेंगा गुडघ्यापर्यंत चढलेला. मी जागीच थांबले. मान वळवली. काकणं वाजवली. मग तांब्या कळशीवर आपटला. तुम्ही तोंड माझ्याकडं केलं नाही, पण हात थोडा वर उचललात आणि खाली सोडलात. मी समजले, ठेव तिथं आणि जा, असं म्हणताय. एरवीही तुम्ही तसंच सांगायचात. मी कळशी बांधावर ठेवली आणि परत फिरले. मनात खरंच काय आलं ते सांगू? दमलेत, मान टाकलीय, सांजच्याला उठतील. तुमचंच वाक्य, मामा. मी ते तुम्हालाच लावलं. घरी गेले, जेवले आणि झोपलेसुद्धा.

संध्याकाळी हे रिकामी कॅरेट घेऊन आले आणि तुम्हाला चहाला बोलवायला रानात गेले. त्यांची हाक मला घरापर्यंत ऐकू आली. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं, दोन तास आधी आणलं असतं तर. माणसं जमली तेव्हा कुणीतरी मला विचारलं, "दुपारी रानात कोन गेल्तं का?" माझ्या तोंडून नाही असं निघालं. ठरवून नाही निघालं. एवढ्या माणसांत, सासरा उघडा होता म्हणून मी जवळ गेले नाही, हे कसं बोलणार होते? आणि एकदा नाही म्हटल्यावर पुढं रोज नाहीच म्हणावं लागलं.

कळशी बांधावर भरलेली सापडली. तुमच्या मुलानं अर्थ लावला की तुम्ही सकाळी स्वतःच आणून ठेवली होती आणि तुम्हाला तेवढी वीस पावलं चालवली नाहीत. अठरा वर्षं ते हेच सांगतात. म्हणतात, मी बाजाराला गेलो नसतो तर ती कळशी मी त्यांच्या तोंडाला लावली असती. तेव्हापासून उन्हाळ्यात ते माल दुसऱ्याच्या टेम्पोत देतात, स्वतः जात नाहीत. दुपारी पाठ टेकत नाहीत. सारखे रानाला चकरा मारतात, टॉवेल ओला करून डोक्यावर घेतात आणि प्रत्येक कामकरणीला दर थोड्या वेळानं पाणी प्यायला लावतात. त्या बायका वैतागतात. मी हसण्यावारी नेते.

परवा तोडणीला आलेली एक बाई ओळीतच कोसळली. हे धावले. कसला संकोच नाही, काही नाही, तिला उचलून सावलीला आणलं, तिच्या डोक्यावर, छातीवर, पायांवर पाणी ओतलं, ओल्या साडीनं वारा घातला. मीही तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. अर्ध्या तासात ती उठून बसली आणि चहा मागू लागली. सगळे हसले. हे मात्र पंपाच्या मागं गेले. मी पाठोपाठ गेले, तर पन्नाशी उलटलेला माणूस तुमच्या आठवणीनं हुंदके देत होता. "तात्यांना एवढंच पायजे हुतं गं. एवढंच. आन् मी न्हवतो."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बोलायला तोंड उघडलंही होतं. मग मी एवढंच म्हणाले, "तुमचा काय दोष त्यात." हे खरंच होतं, आणि तरी ते अर्धंच होतं.

तुम्ही हात का उचलला होतात, मामा? जा म्हणत होतात की ये म्हणत होतात? मला मेल्यावरही हे कळलं नाही तरी चालेल, पण त्यांना कळायला हवं की त्या दुपारी रानात एक माणूस होतं, आणि ते माणूस मी होते. म्हणून आज लिहायला बसले. वाटलं, तुम्हाला सांगून झालं की त्यांना सांगायचं बळ येईल.

एवढं लिहून झालं आणि ते ओळीतून चालत आले. हातात पाण्याची बाटली. मला आधी प्यायला लावलं, मग विचारलं, "काय लिवतीस एवढं?"

"फवारणीची औषधं. दुकानातून आणायचीत."

बरं म्हणाले आणि पुन्हा रानात गेले. त्यांनी कागद बघायलाही मागितला नाही. मामा, ते माझं सगळंच खरं मानतात.