चंद्रीचा कान आणि दोन मिनिटांचं धुकं

नाशिक,
पौष वद्य दशमी

तीर्थरूप अक्कास,

धाकट्या गोरक्षाचा दंडवत. इकडे आम्ही सगळे बरे आहोत, आईसुद्धा. भाऊजींचा गुडघा आता जिना चढू देतो का? घोटीला थंडी फार असेल, कानाला बांधत जा. (कान हा शब्द सहज आला. त्यातून अर्थ काढू नकोस.) फोन तू उचलत नाहीस आणि घरच्या ग्रुपमधूनही बाहेर पडलीस, म्हणून कित्येक वर्षांनी पोस्टाचं पाकीट आणलं.

भाऊबीजेला जे झालं त्याविषयी मी या पत्रात एक अक्षरही लिहिणार नाही. आपली चंद्री म्हैस सायखेड्याला नदीत उभी राहून कोणता कान हलवायची, एवढ्याशा गोष्टीवरून साठी ओलांडलेल्या बहिणीनं न ओवाळता, श्रीखंड अर्धं टाकून चारची बस पकडावी हे शोभतं का, असंही विचारणार नाही. तू डावा म्हणालीस, मी उजवा म्हणालो, आणि 'म्हशीमागं मी असायचो, तू नव्हतीस' हे वाक्य माझ्या तोंडून निघून गेलं. झालं ते झालं. पत्राचा विषय वेगळाच आहे. विषय आहे कोडेक.

आई रोज सकाळी 'चंद्रीला पानी दावलं का?' विचारते, हे तू ऐकलंच आहेस. म्हैस जाऊन पन्नास वर्षं झाली, फोटो एकही नाही. मी अंबडच्या कारखान्यात तीस वर्षं संगणकावर गिअर आणि बेअरिंगं काढली, तेव्हा निवृत्तीनंतर मनात आलं की म्हैस का जमू नये? रथसप्तमीला आईला नव्वद पूर्ण होतात. त्या दिवशी तिला चंद्री दाखवायची असं ठरवलं. फिल्म दोन मिनिटांची. गोदावरी, सकाळचं धुकं, धुक्यात पोटापर्यंत पाण्यात उभी चंद्री. मिनिटभरानं ती एकदा कान हलवते. संपलं. (लतिका म्हणाली, 'अहो, पण पुढे काय होतं?' पस्तीस वर्षं माझ्याबरोबर राहून बायकोनं हा प्रश्न विचारावा!)

संगणक एकेक चित्र काढायला पाच मिनिटं घेतो आणि सेकंदाला चोवीस चित्रं लागतात, म्हणजे दोन मिनिटांच्या म्हशीला दहा दिवस. ते दहाही दिवस मी नुसता पडद्यासमोर बसून होतो. अक्का, काय सांगू तुला! आधी काहीच नसतं. मग वरच्या कोपऱ्यातून धुकं येतं, अगदी सावकाश, आपल्याला कुठं जायचंय हे त्यालाही माहीत नसल्यासारखं. मग पाणी. मग पाण्यात एक काळसर काहीतरी, आणि ती चंद्रीची पाठ असते. बघता बघता हॉलमधला सोफा कुठं संपतो आणि काठ कुठं सुरू होतो ते कळेनासं होतं. ओल्या गवताचा वास येतो. एकदा लतिका चहा घेऊन आली तर मी पाय वर घेतले आणि तिला म्हणालो, चप्पल काढून ये, पाणी गार आहे. तिनं चहा ठेवला, माझ्या कपाळाला हात लावून बघितला आणि आत गेली.

तर अठ्ठावीसशे ऐंशी चित्रं झाली. ती जोडायची, कापायची, मागेपुढे करायची, त्यासाठी ती कोणत्या पद्धतीनं दाबून साठवायची, त्या पद्धतीला म्हणायचं कोडेक. मी मोबाईलवर चालतो तोच घेतला, एच-२६४. (नाव बसच्या नंबरासारखं आहे.) तो एक चित्र पूर्ण ठेवतो आणि पुढच्या चित्रांत फक्त काय बदललं तेवढंच टिपून घेतो. त्यात जागा वाचवायला मी त्याला जरा जास्तच आवळलं. आता आपल्या फिल्ममध्ये बदलतंय काय? त्यानं मऊ धुक्याच्या घाटासारख्या पायऱ्या केल्या आणि कानाचं हलणं किरकोळ समजून पुसून टाकलं. माझ्या लक्षातही आलं नाही. रथसप्तमीपर्यंत राहवेना, कौतुकानं आईला दाखवायला गेलो. तिनं दोन्ही मिनिटं नीट बघितली आणि म्हणाली, 'म्हस चांगली हाय. पन मेल्याली हाय. कान कुठं हालतोय हिचा?'

खालच्या मजल्यावर आभा राहते, ॲनिमेशन शिकते. तिनं मला समोर बसवून झापलं. म्हणाली, काका, एडिटिंगच्या आधी इतकं दाबायचं नसतं, एकदा गेलेलं परत येत नाही. (पोह्यांचा पुन्हा तांदूळ होत नाही, हे तुम्हा घोटीच्या गिरणीवाल्यांना मी काय सांगावं.) मग सगळी चित्रं आहेत तशीच चालवून पाहिली, तर अठ्ठावीस जीबीच्या ओझ्यानं संगणक धापा टाकायला लागला आणि चंद्री अडखळत श्वास घेऊ लागली. शेवटी आभानं खास एडिटिंगसाठी असतो तो कोडेक काढून दिला. तो प्रत्येक चित्र पूर्ण ठेवतो, थोडंच दाबतो. जागा भरपूर खातो. त्यासाठी मी माझे सकाळच्या शुभेच्छांचे साठवलेले नऊ हजार फोटो काढून टाकले. त्यांत तुझ्याकडून आलेलेही होते, ते तेवढे ठेवले.

परवा आईला पुन्हा बसवलं. या वेळी धुकं साईसारखं मऊ होतं. आई खुर्चीत पुढे सरकली. मिनिटभरानं कान हलला. लख्ख दिसला. तिनं पडद्याला हात लावला आणि तिचा चेहरा इतका उजळला की मला रडू आलं. म्हणाली, 'आता जित्ती झाली माझी बाय.' आणि मग माझ्याकडे वळून, 'पन ह्यो कान नाय रं. डावा. उजवा तिचा फाटल्याला, त्यो कवा हालायचा?'

म्हणजे वाईट कोडेकनं माझी लाज झाकली होती, आणि चांगला आणल्याबरोबर मी उघडा पडलो. तू बरोबर होतीस. मी त्या दिवशी ओरडलो ते कानासाठी नव्हतं, चंद्री माझी एकट्याची असावी असं वाटलं म्हणून. त्याचं मला फार वाईट वाटतं. कालपासून मशीन डाव्या कानासाठी पुन्हा लावलंय. दहा दिवस ते, रथसप्तमीला बारा. बसल्या बसल्या हे पत्र लिहिलं.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
गोरक्ष

ता. क. चंद्रीच्या गळ्यातली घंटा तुझ्याकडे आहे. फिल्मला आवाज हवा आहे, म्हणून रथसप्तमीला ती घेऊन ये. कुरिअरनं पाठवू नकोस, फुटेल.

ता. क. २. घंटा पितळेची आहे, फुटणार नाही, हे मला कळतं. आवाजही आभाकडे तयार आहे. ओवाळायचं राहिलंय. रथसप्तमीला भाऊबीज होत नाही असं लतिका म्हणते, पण तिनं निरांजन घासून ठेवलंय.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात आईनं पुन्हा एकदा फिल्म बघितली आणि म्हणाली, 'डावा कुठला रं? उजवाच की.' मशीन डाव्या कानावर चालू आहे. मी ते थांबवणार नाही.