चार बोटं पुढे

कोळवण,
२१ नोव्हेंबर २००४

प्रिय जुईली,

फराळाचा डबा कोइमतूरला पोचला ना? चकल्या मोडल्या असतील तर तसं सांग, उगाच कौतुक करू नकोस. इकडे भात झोडून झाला आणि तुझ्या बाबांनी शेडमध्ये शर्यतीच्या जुन्या लाल गाडीचा संसार पुन्हा मांडलाय. पोस्टमनलाही धरून इंजिन दाखवतात.

यंदा गाडीला नवी टाकी बसवली. फ्युएल सेल म्हणतात म्हणे. तुला माहीत असेल, मला आत्ता कळलं. बाहेर पत्र्याचा डबा, आत जाड रबरी पिशवी आणि पिशवीत स्पंज. गाडी आपटली तरी पिशवी फाटत नाही, पेट्रोल उसळत नाही. निवडायला ह्यांनी चार महिने घेतले. मला बघायला आले होते तेव्हा चहा संपायच्या आत होकार दिला होता! चपटी टाकी जुन्या जागी, डिकीत, सहज बसली असती. पण शर्यतीत शरदकाकांची गाडी मागूनच ठोकली गेली होती आणि टाकी तिथेच फुटली होती. म्हणून ह्यांनी उभी टाकी घेतली. ती सीटच्या पाठीमागे, आणि मध्ये जाड पत्रा.

शरदकाका मद्रासच्या शर्यतीत जळून गेले तेव्हा तू जन्मायची होतीस. ह्यांनीच त्यांना ओढून बाहेर काढलं होतं. त्यानंतर ह्यांनी शर्यत सोडली, गाडी काही सोडवेना. लहानपणी तू पाठीला दोन उशा लावून त्या सीटवर बसायचीस, तोंडाने इंजिनाचा आवाज काढायचीस, तेव्हा सगळ्यांत जास्त हेच हसायचे. मोठी होऊन तू खरंच शर्यतीसाठी गाडी मागितलीस आणि हे म्हणाले, पोरींचं काम नाही. खोटं बोलले गं. त्यांना आग दिसत होती. तू चिडून गेलीस ती गेलीसच. तीन वर्षं झाली, अजून फोन ह्यांनी उचलला की तू 'आईला द्या' एवढंच म्हणतेस आणि हे निमूटपणे देतात.

तर टाकी बसली, पण सीट चार बोटं पुढे आली. हे बसले तर गुडघे थेट स्टेअरिंगला. वेल्डिंगला आलेला वाल्मीक म्हणाला, "सायेब, लई मापं घेतली, तरी चुकलंच जनू. आता तुमी चालवनार कशी?" ह्यांनी मला हाक मारली. पदर खोचून मला त्या सीटवर बसवलं, पाय पेडलपर्यंत लांब करायला लावले. मी म्हटलं, म्हातारपणी मला पळवून न्यायचा बेत दिसतोय! वाल्मीक तोंड फिरवून हसत होता. ह्यांनी मात्र माझ्या टाचेपाशी खडूने खूण केली आणि मान वर न करता विचारलं, "जुईलीची उंची तुझ्याएवढीच ना?"

मला तिथेच रडू आलं. चार महिने हा माणूस स्वतःसाठी टाकी निवडतच नव्हता. तुला 'ये' म्हणायला मात्र त्यांची जीभ रेटणार नाही, म्हणून त्यांना न सांगता मी लिहितेय. टाकी अजून कोरडी आहे, कुणाला थेंबभर पेट्रोल घालू देत नाहीत. रागवायचं असेल तर इथे येऊन, त्यांच्यासमोर उभी राहून रागव, पण ये. सीट बोल्टांनी पक्की केलीय. आता पाठीला उशा लागणार नाहीत.

वाट बघणारी,
तुझीच आई