शेजारच्या सीटखाली ब्रेक नव्हता

तीर्थरूप मामांना,

डोकं टेकवून नमस्कार. (टेकवलेलं डोकं आता थंड आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पत्र फाडण्याआधी निदान पहिला परिच्छेद तरी वाचाल.) तुमचा उजवा गुडघा कसा आहे? मामीने आणून दिलेलं तेल लावता, की बाटली अजून गाडीच्या कप्प्यातच लोळतेय? क्लचची तार बदललीत का? मामीलाही नमस्कार सांगा. सकाळची सातची बॅच कशी चालली आहे, हे मी विचारणार नाही. त्या बॅचमधली ती एकुलती एक शिकाऊ अजून गिअर टाकताना गिअरकडेच बघते का, तिची तिसरी परीक्षा येत्या शुक्रवारीच आहे का, रक्तपेढीच्या गाडीवरची तिची नोकरी लायसन्सवाचून अडली आहे ती महिनाअखेरपर्यंत तरी कुणी राखून ठेवणार आहे का, यातलं काहीएक मला जाणून घ्यायचं नाही. तो विषय माझ्यापुरता संपला. मी फक्त गुडघ्याचं विचारतोय.

तर, गेल्या महिन्यात परीक्षेच्या मैदानावर चारचौघांत तुम्ही मला ‘उतर गाडीतून आणि चालायला लाग’ म्हणालात. मी उतरलो आणि शब्दशः चालायला लागलो, तो थेट इथे येऊन थांबलो. (मध्ये दोन बस बदलल्या, पण रागात चालल्यासारखंच वाटत होतं.) माझा गुन्हा काय? तर परीक्षक साहेबांनी तिला दुसऱ्यांदा नापास केलं, म्हणून मी त्यांच्या पुढ्यातला प्लास्टिकचा शंकू उचलून कुंपणापलीकडे भिरकावला. एकच शंकू, मामा! आणि ती काय म्हणाली मला? धन्यवाद नाही, काही नाही. म्हणाली, ‘चार महिने माझ्या वाटचा ब्रेक तूच दाबलास. आज माझा पाय तुझी वाट बघत बसला.’ तिकडे आपल्या ड्रायव्हिंग स्कूलची गाडी पांढऱ्या रेषेवर थांबायची ती ड्रमला नाक लावून उभी. मला हा शुद्ध कृतघ्नपणा वाटला. शिकवणाऱ्याच्या सीटखाली जादा ब्रेक दिलेला असतो तो कशाला? शोभेला? ती वळणापाशी पोचायच्या आत मी ब्रेक दाबायचो, समोर सायकल दिसली की दाबायचो, कधीकधी तर नुसती तिच्याकडे बघत असलो तरी दाबायचो. काळजीपोटी, मामा. बाकीच्या बॅचना मी इतका ब्रेक कधी दाबला होता का?

असो. इथे मला एका स्टेडियममध्ये शर्यतीच्या गाड्यांत बसणाऱ्यांचे पट्टे आवळायचं काम मिळालं. स्टेडियम फुटबॉलचं, पण हिरवळ झाकून तिच्यावर डांबराच्या दोन पट्ट्या घातलेल्या. एका ठिकाणी एक पट्टी पुलावरून जाते आणि दुसरी पुलाखालून. दोन गाड्या एकाच वेळी सुटतात. आणि चालवणारे कोण? मामा, इथे मला शब्द सापडत नाहीत, आणि तुम्हाला माहीतच आहे, मला शब्दांची कधी टंचाई नसते. जगात जितक्या तऱ्हांनी गाडी पळवतात, त्या प्रत्येक तऱ्हेचा पहिल्या नंबरचा माणूस. गुळगुळीत ट्रॅकवर फिरणारा, वाळूच्या डोंगरांतून पंधरा दिवस गाडी हाकणारा, बर्फावर चालवणारा, ट्रकच्या शर्यती जिंकणारा (तो गाडीत बसला की गाडीच अंगात घातल्यासारखी दिसायची), आणि एक जण फक्त सरळ रेषेत चारशे मीटर जाणारा. वळण दिसलं की तो अपमान झाल्यासारखा चेहरा करायचा. या सगळ्यांना एकसारख्या गाड्या. आपली स्वतःची कुणालाच नाही. ‘माझी गाडी असती तर’ म्हणायची सोयच ठेवलेली नाही. आणि कुणी म्हणतही नव्हतं! वाळूवाला हरला, तर ज्याने हरवलं त्याच्याकडेच जाऊन विचारत होता, की बाबा, त्या तिसऱ्या वळणावर तू नेमकं काय केलंस. मी कॉलेज सोडलं ते प्राध्यापकांना शंका विचारायची लाज वाटायची म्हणून (घरी मी दुसरं कारण सांगितलं होतं), आणि इथे जगज्जेता माणूस हेल्मेट काखेत धरून, मान खाली घालून शिकतोय.

अंतिम फेरी ट्रॅकवाला आणि रॅलीवाल्या बाई यांच्यात होती. बाई आपल्या मामीच्या वयाच्या, मामीएवढ्याच उंच, पाठीमागे उशी घेऊन चालवणाऱ्या. सगळी हयात जंगलातल्या चिखलात गाड्या पळवण्यात गेलेली. दोन्ही गाड्यांत शेजारी एकेक पाहुणा बसवतात. बाईंचा पाहुणा होता एका बिस्किट कंपनीचा मोठा साहेब. त्याने आधीची फेरी पाहिली, रंग उडाला, आणि घरी महत्त्वाचं काम आहे म्हणून तो जो गेला तो गेलाच. समोरच्या गाडीत वजन आहे तर इकडेही हवं. मुकादमाने इकडेतिकडे पाहिलं आणि पट्टा आवळणाऱ्यालाच पट्ट्यात आवळलं. बाईंनी माझ्याकडे एकदा पाहून घेतलं. ‘बोलायचं नाही, ओरडलास तर चालेल. तू आता सामान आहेस.’

मामा, मी कॉलेज सोडलं तेव्हा वर्गात जडत्वाचा धडा अर्धा झाला होता. उरलेला अर्धा मला रविवारी दुपारी दीड मिनिटात शिकवण्यात आला. दिवा हिरवा झाला आणि माझं पोट मागेच राहिलं. पहिलं वळण भिंतीसारखं अंगावर आलं. मी काय केलं असेन? जे दीड वर्ष तुमच्या गाडीत केलं तेच. उजवा पाय उचलला आणि सगळी ताकद लावून ब्रेक दाबला. शेजारच्या सीटखाली ब्रेक नव्हता. नुसता पत्रा. ठण्ण! बाईंनी काहीच केलं नाही. मी पुन्हा दाबला. ठण्ण! तरी काही नाही. मी मनातल्या मनात तुम्हाला, मामीला आणि (लिहूनच टाकतो) सातच्या बॅचला शेवटचा नमस्कार केला, आणि तेव्हा, म्हणजे माझ्या हिशेबाने आम्ही मेल्यानंतर बऱ्याच वेळाने, बाईंनी पाय हलवला. अगदी हलका. दुधावरची साय बाजूला करावी तितका. गाडी कड धरून वळली, मागची चाकं घसरली, बाईंनी ती घसरू दिली, आणि आम्ही पुलावर होतो. पुढचं प्रत्येक वळण असंच. मी दाबायचो, त्या थांबायच्या. मी घाबरायचो तिथे त्यांचं अजून काहीच सुरू झालेलं नसायचं. मंदिरात जसं गप्प व्हायला होतं तसा मी आतून गप्प झालो होतो. फक्त पाय ऐकत नव्हता.

आम्ही आठ शतांश सेकंदांनी हरलो. मी पट्टा सोडून तावातावाने घड्याळवाल्याकडे निघालो. (त्याच्या टेबलाजवळ शंकू होते.) बाईंनी कॉलर धरली. ‘हरलोय. बस खाली.’ तेवढ्यात त्यांचा मेकॅनिक पळत आला. रेडिओवर त्याला सारखं ठणठण ऐकू येत होतं, चाकाचा सांधा निखळतोय असं वाटून त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्याने अर्धी गाडी खोलली. शेवटी माझ्या बाजूच्या पत्र्यावर बुटाचे ठसे सापडले. त्याने ते मोजले आणि माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा परीक्षेच्या मैदानावर उभा आहे असं वाटलं.

बाई मात्र हसत सुटल्या. ‘ड्रायव्हिंगचा मास्तर आहेस ना? बापाला पण हीच खोड होती. दुधाच्या गाडीवर शिकवलं त्यांनी मला. दर वळणाला पाय आपटायचे, पायाखालचं पायपुसणं फाटलं त्यांचं. पण बिचाऱ्यांच्या बाजूला ब्रेकच नव्हता. म्हणून शिकले.’ एवढं बोलून त्या जिंकलेल्या माणसाकडे गेल्या. तोच त्यांना पुलावरचं वळण विचारायला येत होता. दोघं हातवारे करून बोलत राहिले, आणि मी गाडीच्या उघड्या दाराशी, आपल्या उजव्या बुटाकडे बघत बसून राहिलो.

बाकी सर्व ठीक. इथे काम भरपूर आहे, परत यायचा विचार नाही. गुडघ्याची काळजी घ्या.

तुमचा भाचा

ता. क. परीक्षक साहेबांना माफीचं पत्र वेगळं टाकलं आहे. शंकू कुंपणापलीकडच्या पाण्याच्या टाकीमागे गवतात असावा. फेक जरा जास्तच लांब गेली होती.

ता. क. २. हे पत्र आजच बसवाल्याच्या हाती देतोय, म्हणजे शुक्रवारपर्यंत तीन सकाळी उरतात. तिला रस्त्यावर नेऊ नका, मागच्या मोकळ्या मैदानात रिकामे ड्रम लावून सराव द्या. शेजारच्या सीटवर कुणीही बसो, त्याने मांडी घालून बसायचं. दोन्ही पाय वर. ती ड्रमला धडकली तर धडकू द्या, दुसऱ्या ड्रमला ती स्वतः थांबेल. माझ्यामुळे ती दोनदा नापास झाली, हे तिला तुम्हीच सांगा. मी सांगायला लागलो की भांडण होतं.

ता. क. ३. तुमच्या गुडघ्याला मांडी जमणार नाही, हे मला ठाऊक आहे. वर दोनदा चौकशी केली ती उगाच नाही. मला जमते. काल खोलीतल्या खुर्चीवर अर्धा तास मांडी घालून सराव केला. पण बाहेर रस्त्यावर कुणीतरी करकचून थांबलं आणि उजवा पाय आपोआप सुटून खुर्चीसकट पालथा झालो. म्हणून बाईंच्या गाडीतला एक जुना पट्टा मागून घेतला आहे. परवा पावणेसातला मैदानावर पोचतो. तिला गाडी सुरू करू देण्याआधी माझे पाय तेवढे तुमच्या हाताने बांधा. घट्ट.